जोडी जुळली, सामान सुटलं

...तर काल आपण आलो होतो तिथवर, की स्टेशनवर हरवलेली पोरगी सापडली आणि बापाने खिशातून पितळी बिल्ला काढून तिच्या गळ्यात बांधला. पण सापडली कुठे, ते सांगायचं राहूनच गेलं. एका परक्या प्रवाशाच्या ट्रंकेवर मांडी ठोकून बसली होती, त्याचीच बिस्किटं खात होती आणि वर त्यालाच दटावत होती, "काका, सामान असं वाऱ्यावर सोडू नये. आमच्या बाबांकडे ठेवा." बाप इकडे फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता धावतोय, तोंडचं पाणी पळालेलं, आणि ही बया तिथे त्याच्या खात्याची जाहिरात करतेय!

बाप म्हणजे स्टेशनच्या सामानघरातला माणूस. त्याला सगळे बिल्लेमास्तर म्हणायचे. साहेब म्हणायचे, हमाल म्हणायचे, आणि रागात असली की बायकोसुद्धा म्हणायची. सामानघर काय, तर पुढे एक लांब लाकडी फळी, मागे लोखंडी मांडण्या, आणि भिंतीवर खिळ्यांच्या रांगा. दर खिळ्यावर एकाच नंबरचे दोन बिल्ले. प्रवासी आला की मास्तर जोडी फोडायचा. एक बिल्ला तारेने सामानाला, दुसरा प्रवाशाच्या हातात. प्रवासी परतला की बिल्ल्याला बिल्ला लावून बघायचा, सामान फळीवर ठेवायचा, दोन्ही बिल्ले परत खिळ्याला अडकवायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "जोडी जुळली, सामान सुटलं!" कुणी ऐको न ऐको. बायको सांगायची, झोपेत कूस बदलतानाही म्हणतात मेले.

पोरीच्या गळ्यातला बिल्ला सात नंबरचा. त्याची कड झिजली म्हणून ती जोडी मोडीत निघाली होती, मास्तरने साहेबांना विचारून मागून घेतली. एक तिच्या गळ्यात, दुसरा स्वतःच्या डाव्या खिशात.

"हरवलीस की हा दाखवायचा. कळलं?"

"आणि बाबा, दुसरंच कुणी जोडी घेऊन मला सोडवायला आलं तर?"

"येतंय कोण! जोडी माझ्या खिशात आहे."

पोरगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, पण बिल्ला काही तिने काढला नाही. साखळीत छोटा क्रूस आणि शेजारी हा बिल्ला. जिन्यावरून धावत उतरली की दोघं एकमेकांवर आपटायचे, किणकिण किणकिण, म्हणून तिचं नाव पडलं घंटी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला घड्याळ लागायचं नाही. घंटी खाली गेली की ती चहाचं आधण ठेवायची.

आणि मग एक दिवस त्या बाईचा चहा चुकला.

झालं होतं असं. घंटी लहान असताना तिला एक ताप आला होता, सांधे सुजलेले, पोर कित्येक दिवस अंथरुणात. ताप गेला. निदान सगळ्यांना वाटलं की गेला. तो गेला नव्हता, हृदयात जाऊन दबा धरून बसला होता. आता इतक्या वर्षांनी त्याने डोकं वर काढलं. आधी चर्चच्या गायनवृंदात तिला लांब ओळ एका श्वासात पेलेना. मग ती जिना पायरी पायरी मोजल्यासारखी उतरायला लागली. धावणं संपलं, किणकिण संपली. शेजारीण दारात येऊन विचारायची, "आज सुट्टी का गं?" आणि घंटी अर्ध्या जिन्यावर कठड्याला धरून हसायची.

डॉक्टरीण बाई हुशार आणि तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "हृदयाची एक झडप पार खराब झालीय. बदलावी लागेल. थांबलात तर ती अशीच रोज थोडी थोडी विझत जाईल. बदलली तर चालायला लागेल, धावायलाही लागेल. पण टेबलावरून उठेलच, असं वचन मी देत नाही."

"करू या," घंटी म्हणाली.

"करू या," आई म्हणाली. ती कपडे शिवणारी बाई. उसवलेलं तसंच अंगावर वागवण्यापेक्षा एकदाचं उसवून नीट शिवावं, हा तिचा स्वभाव.

"बघू," मास्तर म्हणाला.

त्या एका शब्दाला तो असा चिकटून बसला की काय सांगावं. आज बघू, उद्या बघू, हवा बदलली की बघू. पोरगी सज्ञान होती, तिची ती होय म्हणू शकत होती. पण बापाच्या तोंडून होय निघाल्याशिवाय मी जाणार नाही, असं तिनेच ठरवलेलं. आणि बाप रोज सकाळी तिचे ओठ बघायचा, निळसर दिसतात का ते, आणि 'आज बरे वाटतात' असं स्वतःशी म्हणून कामावर पळायचा. खिशातला बिल्ला दिवसभर बोटांनी फिरवून फिरवून त्याच्यावरचा सात पुसत आला.

"अहो, तुमचं बघू बघू होईतो माझी लेक जाईल," बायको एकदा मशीन थांबवून म्हणाली.

"तुझी एकटीची आहे का?"

"हेच मी तुम्हाला विचारते कधीची. मी काय सावत्र आहे?"

त्यावर मास्तरने टोपी घातली आणि चर्चकडे निघाला.

तिथले फादर वयाने पिकलेले. एक कान ठार बहिरा, पण दुसरा असा तिखट, की पापांची कबुली द्यायला आलेला माणूस जे गिळून टाकायचा तेसुद्धा त्यांना ऐकू यायचं. मेणबत्त्यांच्या घोडीवर थिजलेलं मेण ते जुन्या सुरीने खरवडत उभे होते.

"फादर, एखादी जबरी प्रार्थना द्या."

"जबरी म्हणजे?"

"म्हणजे... हमखास."

"हमखास औषध विकणारे संध्याकाळी गाव सोडतात, मास्तर. मला तर इथेच राहायचंय." फादरनी सुरी पुसली. "माझ्याकडे एकच आहे. एवढीशी आहे, पण गिळायला जड. म्हण माझ्यामागून: प्रभू, जे जे मी माझं म्हणून मुठीत धरलंय, ते तुला देतो. मागे काही ठेवत नाही. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

मास्तरने पाठ केली. रोज कामावर जाण्याआधी तो खांबाशेजारच्या बाकावर गुडघे टेकायचा आणि बरोबर म्हणायचा. म्हणजे त्याला वाटायचं बरोबर. एके सकाळी फादर त्याच्या मागच्याच बाकावर होते, चांगला कान त्याच्या बाजूला.

"थांब थांब. काय म्हणालास?"

"तुम्हीच शिकवलंत ते. जे जे मी माझं म्हणून मुठीत धरलंय, ते तुझ्याकडे ठेवतो..."

"ठेवतो नव्हे. देतो."

"एकच की हो, फादर."

"एकच? तुझ्या फळीवर पेटी ठेवून गेलेला माणूस आणि कुणाला पेटी देऊन टाकलेला माणूस एकच?"

मास्तरचा सबंध जन्म त्या फळीमागे गेलेला. त्याला नाही तर कुणाला कळणार फरक! ठेवलेलं परत मागता येतं. दिलं ते गेलं.

"आणि असं बघ," फादर म्हणाले, "उजव्या हातात जपमाळ, हे ठीक. डावा हात खिशात काय करतो?"

डावा हात बाहेर आला. मुठीत बिल्ला.

"हां. म्हणजे तू देवालाही सामानघरातच बसवलंस. ठेवलंय, जोडी माझ्याकडे आहे, आलो की मुकाट्याने काढून दे!"

फादर हसले, मग त्यांनी मास्तरचा चेहरा बघितला. माणूस रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "फादर, जीभ वळत नाही. 'देतो' म्हटलं आणि त्याने खरंच नेली तर?"

फादरनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग मास्तरने काय केलं असेल? ऐका, रडावं की हसावं कळणार नाही. त्याने देवाला बाकीचं सगळं द्यायला काढलं. आधी तपकीर दिली. कित्येक वर्षांची सवय, डबी नाल्यात फेकली आणि आठवडाभर फळीमागे शिंका येत नाहीत म्हणून कासावीस बसला. मग तोंडाने वाजवायचा बाजा दिला, दुपारच्या सुट्टीत वाजवायचा तो. मग चहातली साखर, मग खिडकीशेजारची खुर्ची, मग लंबू हमालावरचा जुना राग. तो राग देताना म्हणे सगळ्यात जास्त त्रास झाला. लंबू तर घाबरलाच. मास्तर आपणहून गोड बोलतो म्हणजे याला नोकरीवरून काढलं की काय!

घरी बायको म्हणाली, "देवाला तपकीर कशाला हवी? तो काय शिंकत बसणार आहे?"

"त्याग असतो तो."

"मोठी ट्रंक दाबून धरायची आणि पिशव्या, बटवे पुढे सरकवायचे. याला त्याग म्हणतात होय!"

लंबूनेही एकदा तेच ऐकवलं, वेगळ्या भाषेत. एक म्हातारी बाई आपली गाठोडी सोडवून घेऊन गेली. मास्तरने ती गाठोडी पावसाळी ओल लागू नये म्हणून वरच्या मांडणीवर ठेवली होती, खाली कागद घातला होता, गाठ सैल झालेली परत आवळली होती. बाई आली, बिल्ला दिला, जोडी जुळली, सामान सुटलं. मास्तरने हसत हसत गाठोडी तिच्या डोक्यावर ठेवायला मदतही केली. लंबू बघत होता. म्हणाला, "मास्तर, लोकांचं सामान तू लेकरासारखं जपतोस. पण देताना तुझा हात थरथरलेला मी आजवर पाहिला नाही."

"थरथरेल कशाला? माझं थोडंच आहे?"

बोलून गेला आणि पुढच्या प्रवाशाकडे वळला. आपण काय बोललो, ते तेव्हा त्याच्याच कानात शिरलं नाही.

त्यानंतर रविवार आला. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू होती. गायनवृंदाने घंटीला टोकाला खुर्ची दिली होती, ती बसून गायची. मध्येच मास्तरला तिचा आवाज ऐकू येईना. इतक्या आवाजांतून एक आवाज गेला तर कुणाला कळतं? बापाला कळतं. मान वळवली तोवर ती खुर्चीवरून घसरली होती. मास्तर बाकांवरून, माणसांवरून कसा गेला ते त्यालाही आठवत नाही. तिचे ओठ आता खरेच निळे होते. गळ्यातला क्रूस आणि बिल्ला एका बाजूला पडलेले, आवाज न करता.

"बाबा," ती म्हणाली, श्वास तोडत तोडत, "आता तरी... सोडा ना मला."

इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी त्या दिवशी फटकळपणा केला नाही, आणि तेच वाईट लक्षण. नुसतं बघितलं. मास्तर म्हणाला, "हो."

पण होय म्हणणं वेगळं आणि देणं वेगळं. इस्पितळात रुग्णाजवळ एकालाच बसू देत. मास्तर खुर्ची धरून बसला ती सोडलीच नाही. बायको बाहेर बाकावर. तिने आत यायचं म्हटलं की हा म्हणायचा, आत्ताच डोळा लागलाय तिचा, आता नर्स येईल, जरा वेळाने ये. ती बाकावर बसून मुलीच्या झग्याची बटणं घट्ट करत राहिली, घट्ट असलेलीच.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नर्स पांढरी गाडी घेऊन आली. घंटीला तिच्यावर झोपवलं. दाराशी नर्स थांबली. "अंगावर धातूचं काही चालत नाही," म्हणाली, आणि साखळी काढून मास्तरच्या हातात दिली. घंटीने जाता जाता हात हलवला. दार मिटलं.

मास्तरने सवयीने डावा हात खिशातून काढला. दोन्ही बिल्ले एका तळहातावर आले. सात आणि सात. एक बोटांनी पुसत आलेला, दुसरा अजून ठसठशीत. आणि काय सांगू, इतक्या वर्षांची जीभ ती, विचारायला थांबली नाही. रिकाम्या व्हरांड्यात तो मोठ्याने म्हणून गेला, "जोडी जुळली, सामान सुटलं."

आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

भिंतीला पाठ लावून तो फरशीवर खाली खाली घसरत बसला. दोन बिल्ले एका खिळ्यावर आले याचा सामानघरात एकच अर्थ असतो. मांडणी रिकामी. मालक आला आणि घेऊन गेला. त्याने घाईघाईने साखळीतला बिल्ला साखळीसकट उजव्या खिशात टाकला, एक डाव्यात, जोडी मोडायला. मग परत दोन्ही काढले. मग परत टाकले. शेजारून जाणारा झाडूवाला थबकून बघायला लागला.

तो प्रार्थना करत होता म्हणावं, तर तसली प्रार्थना कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. तो देवाशी भांडत होता. तपकीर दिली, बाजा दिला, राग दिला, ते सगळं घेतलंस ना? मग हे कशाला? माझा हात घे, पाय घे, डोळे घे, मी आंधळासुद्धा बिल्ले ओळखीन बोटांनी. तिला सोड. मग विनवायला लागला. मग परत भांडायला. क्रुसावर लटकलेला येशू समोरच्या भिंतीवर होता, लाकडी, रंग उडालेला, आणि त्याने काही एक उत्तर दिलं नाही. आकाशवाणी झाली नाही, मनाला गार वाटलं नाही, कुठून उजेड आला नाही. नुसती इस्पितळाची औषधी घाण आणि दाराच्या काचेवरचा पडदा.

शेवटी बोलायचंही बळ संपलं. तेव्हा त्याला लंबू आठवला, का कोण जाणे. म्हातारीची गाठोडी आठवली. वरच्या मांडणीवर ठेवलेली, खाली कागद घातलेला, गाठ आवळलेली. 'थरथरेल कशाला? माझं थोडंच आहे?' स्वतःचाच आवाज.

मग त्याने आपला बिल्लाही साखळीत ओवला, तिच्या बिल्ल्याच्या आणि क्रुसाच्या शेजारी. बोटं इतकी कापत होती की कडी लागेना. कडी लागली तेव्हा म्हणाला, हळू, फादरच्या चांगल्या कानालाही ऐकू गेलं नसतं इतकं हळू, "देतो." पुढचं सगळं विसरला. 'मागे काही ठेवत नाही' आठवलं नाही, 'आमेन' आठवलं नाही. नुसतं देतो. आणि म्हटल्यावर गुरासारखा रडला.

कोपऱ्यापलीकडच्या बाकावरून बायको उठून आली. त्याच्या शेजारी फरशीवर बसली, शिवणाची सुई झग्यात तशीच टोचलेली. लग्न झाल्यापासून दोघं असं जमिनीवर शेजारी शेजारी बसली नसतील.

ऊन भिंतीवरून फरशीवर उतरलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, तोंडावरची पट्टी खाली ओढलेली. "झडप बसली. हृदय आपलं आपण चालायला लागलंय. पण शुद्धीवर आली नाही अजून. येईल का, कधी येईल, ते मला विचारू नका. आता आमच्या हातातलं संपलं."

मास्तरने मान हलवली. परवा असं कुणी बोललं असतं तर त्याने दार फोडलं असतं.

मागून सकाळचीच नर्स आली. "एकालाच आत यायला परवानगी आहे. तुम्ही कोण तिचे?"

मास्तर भिंतीला धरून उठला. साखळी बायकोच्या हातात दिली, तिची बोटं त्यावर मिटवली, आणि नर्सला म्हणाला,

"बाप आहे मी, सिस्टर, पण मालक नाही, माझ्याकडे ती सांभाळायला ठेवली होती, तेवढं केलं. तुम्ही हिला सोडा आत, ही तिची आई आहे, कधीची बाहेर बसलीय."